रणजीचा खेळ कोण लिहून ठेवतो?

संपादकांनी ‘दुर्लक्षित गुणवत्ता’ असा विषय कळवला आणि भारतीय संघाच्या उंबरठ्यावरून परतलेल्या क्रिकेटपटूंची यादी द्यावी, असंही सुचवलं. अशा याद्या दर निवड बैठकीनंतर छापून येतात. देशांतर्गत क्रिकेटची आकडेवारी हेच माझं काम असल्यामुळे यादी करणं मला अवघड नाही. पण याद्यांनी आजवर कुणाचं भलं झालेलं मला दिसलेलं नाही. माझ्या मनात घोळतो आहे तो ऑक्टोबर २०२४ मधला एक सामना. रणजी हंगामाच्या पहिल्याच फेरीत बडोद्याने आपल्या कोटंबीच्या मैदानावर गतविजेत्या मुंबईला ८४ धावांनी हरवलं. डावखुरा फिरकीपटू भार्गव भट्ट याने पहिल्या डावात ४ आणि दुसऱ्या डावात ५५ धावांत ६, असे एकूण १० बळी घेतले. मथळे झाले ते मुंबईच्या धक्कादायक पराभवाचे. भट्टचं नाव बातमीत होतं, आकडाही बरोबर होता. त्याने चेंडू टाकले कसे, हे मात्र मला कुठेही वाचायला मिळालं नाही. दुर्लक्षित खेळाडू म्हणजे ज्याची कामगिरी कुणाला ठाऊक नाही तो, असं आपण धरून चालतो. आज सगळ्यांची कामगिरी सगळ्यांना भ्रमणध्वनीवर दिसते. ज्याचा खेळ कुणी पाहून लिहिला नाही तो माझ्या लेखी दुर्लक्षित आहे, आणि त्या अर्थाने रणजी खेळणारे जवळजवळ सगळेच दुर्लक्षित आहेत.

डावखुऱ्या फिरकीपटूचे ५५ धावांत ६ बळी अनेक तऱ्हांनी होऊ शकतात. चौथ्या दिवशी खेळपट्टी फुटलेली असते, टप्प्याची जागा बुटांनी उकरलेली असते, तिथे चेंडू नुसता पडू दिला तरी वळतो. ही एक तऱ्हा. खेळपट्टी काहीच देत नसताना गोलंदाज एकदा यष्टींना खेटून, एकदा क्रीजच्या कडेवरून असा कोन बदलत राहतो, दोन चेंडू बाहेर काढतो आणि तिसरा हाताच्या त्याच हालचालीने सरळ आत आणतो. ही दुसरी तऱ्हा. मुंबईपुढे त्या डावात २६२ धावांचं लक्ष्य होतं, तेव्हा फलंदाजांच्या घाईत मिळालेले बळी ही तिसरीही शक्यता धरावी लागते. धावफलक या तिन्हींना एकाच ओळीत बसवतो. यष्टिचीत असेल तर फलंदाज हवेत फसला असं म्हणता येतं, पायचीत असेल तर सरळ आलेला चेंडू ओळखता आला नाही असं मानता येतं, सीमारेषेवरचा झेल असेल तर दोष फलंदाजाचा की यश गोलंदाजाचं हे सांगता येत नाही. यापुढे धावफलक मुका होतो. पुढच्या पायरीवर हा गोलंदाज टिकेल का, याचं उत्तर नेमकं त्यापुढच्या भागात असतं. भट्ट २०१०-११ च्या रणजी हंगामात ४७ बळींसह सर्वांत पुढे होता. त्या वेळी तो २० वर्षांचा होता. तेव्हाही आपल्या हाती तो ४७ चा आकडाच आला आणि चौदा वर्षांनी १० चा. मधल्या काळात त्याच्या गोलंदाजीत काय बदललं, हे बडोद्याच्या ड्रेसिंग रूमबाहेर कुणालाही ठाऊक नाही.

इथे सरासरीबद्दल सविस्तर बोललं पाहिजे, कारण क्रिकेटमधला सर्वांत जास्त गैरसमज पसरवणारा आकडा तोच आहे. फलंदाजाची सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत, तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. लांब पल्ल्याच्या कारकिर्दीत हे योग्य आहे. थोड्या डावांत त्याचा अनर्थ होतो. २०२४-२५ च्या विजय हजारे करंडकात विदर्भाच्या करुण नायरने आठ डावांत पाच शतकांसह ७७९ धावा केल्या. अंतिम सामन्यापर्यंत तो एकदाच बाद झाला होता, म्हणून त्याची सरासरी ७५२ छापली गेली. कोटंबीच्या अंतिम सामन्यात तो २७ धावांवर बाद झाला आणि सरासरी ३८९.५० वर आली. एका डावाने एखाद्या फलंदाजाची योग्यता निम्मी होते का? डावांनी भागलं तर उत्तर ९७ च्या आसपास येतं आणि तेही थक्क करणारं आहे. पण त्या दिवसांत सगळीकडे चर्चा चालली ती ७५२ ची. त्याच हंगामात रणजीत त्याने ८६३ धावा केल्या, त्याला इंग्लंडच्या कसोटी दौऱ्यावर नेलं, तिथे एकाच अर्धशतकानंतर पुढच्या मालिकेत वगळलं. घेतलं तेव्हा आकड्यांचा जयघोष झाला आणि वगळलं तेव्हा त्याच आकड्यांवर अन्यायाची ओरड. त्याच्या शरीराजवळ उसळणाऱ्या चेंडूला तो कुठल्या पायावर खेळतो, लाल चेंडू दोन्ही बाजूंनी हलू लागला की त्याची बॅट कुठून खाली येते, हे रणजीच्या एवढ्या मोठ्या हंगामात कुणी टिपून ठेवलं असतं तर दोन्ही वेळची चर्चा काही कामाची झाली असती.

गोलंदाजीतही हेच. रणजीच्या एका हंगामात सर्वाधिक बळींचा बिशनसिंग बेदींचा विक्रम १९७४-७५ चा, ६४ बळींचा. २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने ६८ घेतले आणि २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९. अमनचे बळी खालच्या प्लेट गटातले होते, जिथे बहुतेक संघ रणजीत त्याच वर्षी दाखल झालेले होते. दुबेचे एलिट गटातून अंतिम सामन्यापर्यंत जाताना मिळालेले आहेत. बेदींच्या काळी सामनेच कमी. तीन वेगवेगळ्या वस्तू एकाच तक्त्यात एकाखाली एक उभ्या आहेत. अमनचं यश मी कमी लेखत नाही. तो नेमका किती चांगला आहे हे त्या तक्त्यावरून सांगता येत नाही, आणि हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

बातमी येते ती तीन कारणांनी. पहिलं, बडं नाव. ३० जानेवारी २०२५ ला विराट कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला, स्टेडियमवर हजारोंची गर्दी झाली, थेट प्रक्षेपणाची खास सोय झाली. त्याच दिवशी बडोद्याचा जम्मू-काश्मीरविरुद्धचा सामना सुरू झाला. बाद फेरीत कोण जाणार हे त्यावर ठरायचं होतं. जम्मू-काश्मीरने तो १८२ धावांनी जिंकला. त्याच्या आधीच्या फेरीत त्यांनी रोहित शर्मा खेळत असलेल्या मुंबईला मुंबईत हरवलं होतं, आणि तिथेही उमर नझीरची ओळख रोहितला बाद करणारा एवढीच करून दिली गेली. दुसरं कारण विक्रम. डिसेंबर २०२४ मध्ये इंदूरला बडोद्याने सिक्कीमविरुद्ध २० षटकांत ३४९ धावा केल्या, ३७ षटकार मारले, भानू पानियाने ५१ चेंडूंत नाबाद १३४. एक दिवस देशभर बडोद्याचं नाव झालं. प्रतिस्पर्धी संघाची ताकद किती, हा प्रश्न विचारून त्या खेळीचं मोल ठरवणं पानियाच्याच हिताचं होतं. ते झालं नाही आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला. तिसरं कारण नवल. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघाने बडोद्याच्या महेश पिठियाला सरावासाठी बोलावलं, कारण त्याची शैली रविचंद्रन अश्विनसारखी आहे. देशाला तो कळला तो अश्विनची प्रतिकृती म्हणून. त्याने आदल्याच डिसेंबरमध्ये बडोद्याकडून पदार्पण केलं होतं. त्याचा स्वतःचा ऑफ ब्रेक कसा आहे, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप जुन्या जाणकारांचा: लिहिण्याने काय होतं? पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत १९.६९ च्या सरासरीने ५८९ बळी घेतले, राजिंदर गोयल यांनी ७५०, आणि दोघेही कसोटी खेळले नाहीत, कारण समोर बेदी होते. हे खरं आहे. बेदींना बाजूला ठेवा असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. पण हेही पाहावं की, सुनील गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात कसोटीवीरांच्या पंगतीत या दोघांनाही बसवलं. ज्याने त्यांचे चेंडू खेळले त्याने लिहिलं, म्हणून या दोघांकडे पुढची पिढी नुसती बळींची संख्या म्हणून पाहत नाही. उलट उदाहरण भाऊसाहेब निंबाळकरांचं. बडोद्यासह अनेक संघांकडून खेळलेल्या या कोल्हापूरच्या फलंदाजाने डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्रातर्फे काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर असताना पाहुण्या संघाने सामनाच सोडून दिला. ही हकीकत प्रत्येक क्रिकेटवेड्या मराठी माणसाला पाठ आहे. त्यांचा कट कसा होता, फिरकीला ते पुढे सरसावत की क्रीजमध्ये थांबत, हे किती जणांना सांगता येईल? कसोटीची टोपी त्यांना मिळाली नाहीच, आणि त्यांच्या फलंदाजीचं चित्रही आपल्याकडे उरलं नाही. यातलं दुसरं नुकसान टाळणं आपल्या हातात होतं.

दुसरा आक्षेप तरुणांचा: आता आयपीएल आहे, तिथले शोधक गावोगाव फिरतात, हार्दिक पंड्या बडोद्यातूनच उचलला गेला ना? उचलला गेला, आणि मुंबई इंडियन्सने त्याला दहा लाखांत घेतलं तेव्हा आपल्या कुठल्याही निवड समितीआधी त्यांनी तो ओळखला, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण त्या शोधकांना हवं असतं ते वीस षटकांत उपयोगी पडणारं. तीस षटकं एका टोकाकडून धावा रोखणारा फिरकीपटू किंवा नव्या चेंडूवर दीड तास सोडून देण्याचा संयम असलेला सलामीवीर त्यांच्या कामाचा नाही. ती त्यांची चूकही नाही. हे काम राष्ट्रीय निवडकर्त्यांचं, आणि ते पाच आहेत. रणजीत ३८ संघ, म्हणजे एलिटचे १६ आणि प्लेटचे ३ मिळून एका फेरीत १९ सामने एकाच वेळी चालू असतात. पाचही जण पाच मैदानांवर बसले तरी चौदा सामने डोळ्यांआड राहतात. सामन्यांचं चित्रीकरण क्रिकेट मंडळाकडे असतं, ते पाहिलंही जात असेल. पण लोकांपुढे, माजी खेळाडूंपुढे, पत्रकारांपुढे ते नसतं, त्यामुळे निवडीवर समंजस वाद घालायला कुणाकडेच साधन उरत नाही.

बाहेर याहून बरं काही आहे का, तर आहे, आणि तेही निर्दोष नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मोठ्या संघांच्या हाताखाली खालच्या पायऱ्यांचे आज १२० संघ आहेत. १९२०च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी ही घडी बसवली. तिथे १९८१ पासून ‘बेसबॉल अमेरिका’ हे नियतकालिक या खालच्या पायऱ्यांवरच मुख्यतः लिहीत आलं आहे. शोधक प्रत्येक मुलाच्या फटक्याला, ताकदीला, धावण्याला, फेकीला २० ते ८० या मापात स्वतंत्र गुण देतात, ५० म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा सामान्य खेळाडू. कामगिरीचा आकडा वेगळा आणि कौशल्याचं वर्णन वेगळं, असे दोन रकाने झाले. एवढं करूनही माइक पियाझा १९८८ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पार ६२व्या फेरीत निवडला गेला आणि पुढे त्या खेळाच्या मानाच्या सभागृहात जाऊन बसला. म्हणजे वर्णनाने चुका टळत नाहीत. पण कुणाचा अंदाज कुठे चुकला हे तिथे उलटून तपासता येतं. आपल्याकडे भट्टच्या बाबतीत कुणाचं चुकलं की कुणाचंच नाही, हे आज ठरवायचं म्हटलं तरी कागद कुठे आहेत?

बडोद्याच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. हा रणजी पाच वेळा जिंकलेला संघ. १९४७ मध्ये सांगलीचे विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध इथेच ५७७ धावांची भागीदारी केली. कुठल्याही जोडीचा तो विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला. मुंबईत जागा मिळेना म्हणून श्रीरामपूरचा झहीर खान इथे आला आणि २०००-०१ च्या अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध दुसऱ्या डावात ४३ धावांत ५ बळी घेऊन त्याने करंडक मिळवून दिला. कॉनर विल्यम्स २००१ मध्ये सेंच्युरियनला भारताकडून सलामीला उतरला, पण सामनाधिकाऱ्याच्या वादात तो सामना कसोटी म्हणून रद्दबातल ठरला आणि पुस्तकात त्याच्या नावापुढे कसोटी शून्यच राहिली. एवढा ऐवज असूनही मराठी वर्तमानपत्रांच्या पानावर मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ भरले की जागा संपते, आणि बडोद्याचा सामना परराज्यातला ठरतो. वाचकांना रस नाही, असं कारण दिलं जातं. कोटंबीला करुण नायर खेळला तेव्हा लोकांना रस होता, कारण तोवर त्याची गोष्ट कुणीतरी सांगितली होती. सांगितल्याशिवाय रस निर्माण होईल कुठून?

रणजीच्याही खाली २३ वर्षांखालचा सी. के. नायडू करंडक आणि १९ वर्षांखालचा कूचबिहार करंडक आहे, तिथे तर धावफलकापलीकडे एक ओळही नसते. एखाद्या वृत्तपत्राने किंवा नियतकालिकाने एकच संघ घ्यावा, बडोद्याचाच असं नाही, आणि एका माणसाला पूर्ण हंगाम त्याच्यामागे पाठवावं. त्याने शतकं मोजू नयेत, ती आम्ही मोजतो. नवा चेंडू कुणाच्या हातात दिला आणि का, कोणता फलंदाज फिरकी येताच क्षेत्ररक्षक न पाहता फटका मारतो, यष्टिरक्षक तिसऱ्या सत्रात किती खाली बसतो, हे त्याने रोज संध्याकाळी लिहावं, आणि पुढच्या वर्षी त्याच मुलांकडे परत जाऊन आधीचं लिहिलेलं ताडून पाहावं.