उंबराचे फूल

हजेरी घेताना एखाद्या नावापुढे उत्तर आले नाही की चिडण्यापेक्षा एखादा वाक्प्रचार टाकून वेळ मारून नेण्याची माझी जुनी सवय आहे. मराठीच्या प्राध्यापकाला वाक्प्रचार वापरायला पैसे पडत नाहीत. बीड जिल्ह्यातून आमच्या महाविद्यालयात आलेला एक मुलगा ऐन सत्रात तीन-चार महिने दिसलाच नाही, आणि मार्चात एके दिवशी दारात उभा राहिला. मी भर वर्गात म्हणालो, "या! उंबराचे फूल उगवले!" वर्ग हसला. तोही हसला. तास संपल्यावर मात्र टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, उंबराला फूल असतंय. अंबाजोगाईकडं आलात तर दाखवतो."

अंबाजोगाईला जायचे तसे वीस वर्षे राहूनच गेले होते. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शिकवायचा, शके 1110 हा आकडा फळ्यावर लिहायचा आणि कवीच्या समाधीला कधी गेलो नाही हे मुलांना सांगायचे नाही, असा माझा क्रम. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर रात्रीची एस.टी. धरली. सकाळी योगेश्वरीचे दर्शन घेतले, दासोपंतांची आठवण केली (ओव्या लिहायला लांबलचक पासोडी वापरणारा कवी; आम्हाला दोन पानांचा लेख जड जातो!) आणि बालाघाटच्या दरीतल्या मुकुंदराजांच्या समाधीपाशी येऊन बसलो. चहूकडे काळा पाषाण. हा लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. या आकड्याचे काम पुढे आहे.

विद्यार्थी मोटारसायकल घेऊन आला. त्याच्या गावच्या विहिरीवर उंबर होता, बुंध्यापासून लगडलेला. त्याने एक अर्धवट पिकलेले फळ तोडले आणि नखाने चिरले. "हे बघा, सर." आतल्या भिंतीला शेकडो बारीक तंतू दाटीने चिकटले होते. तीच उंबराची फुले! मी ज्याला आजवर फळ समजत होतो ती फुलांची बंद कुपी निघाली. आम्ही पाहतो आहोत तोवर चिलटाएवढ्या काळसर माश्या भराभर बाहेर पडून उडाल्या.

परत आल्यावर चार दिवस वाचनालयात घालवले. ही माशी गांधीलमाशीच्या गोतातली. मादी कोवळ्या उंबराच्या तोंडाच्या चिंचोळ्या फटीतून आत घुसते. घुसताना पंख तुटून पडतात. छातीखालच्या दोन खिशांतून आणलेला पराग ती फुलांवर ठेवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी जन्मतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी संग करतात, कुपीच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि बहुधा बाहेरचे जग न पाहताच संपतात. माद्या खिसे भरून त्या बोगद्याने निघतात. आयुष्य उरलेले असते एखाद-दोन दिवसांचे, आणि तेवढ्यात कोवळी फळे असलेला दुसरा उंबर गाठायचा असतो. नामिबियातल्या उंबराच्या भावकीतल्या एका झाडावरच्या अशाच माश्या वाऱ्यावर 160 किलोमीटरपर्यंत जातात, असे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले आहे.

या घरात एक दरोडेखोरही आहे. लांब शेपटीची दुसरी एक माशी हिरव्या उंबरावर बाहेरूनच बसते आणि केसाहून बारीक नळी भिंतीतून आरपार घालून अंडी सोडते. तिची पिल्ले आत वाढणाऱ्या इतर माश्यांच्या अळ्यांवर पोसतात. त्या नळीच्या टोकाला दाते असतात आणि त्यांत जस्त असते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2014 साली दाखवून दिले. जस्ताची सुई! आमच्या शिंप्याकडेही नसेल.

आणि हे सगळे किती जुने? इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर 1920 च्या सुमारास खडकात एक किडा सापडला होता. तो मुंगी म्हणून नोंदला गेला. पुढे तो निरखून पाहिला तेव्हा छातीखाली तेच खिसे दिसले, आणि खिशांत पराग! मुंगीची अंजीरमाशी झाली ती 2010 साली. वय 3 कोटी 40 लाख वर्षे, आणि ठेवण आजच्यासारखीच. वंशवेलींच्या हिशेबाने तर ही मैत्री सुमारे साडेसात कोटी वर्षांमागे जाते. म्हणजे मी ज्या पाषाणावर बसून मुकुंदराजांचे वय मोजत होतो, त्या पाषाणाहूनही जुनी.

हे सारे मागाहून कळले. त्या दिवशी विहिरीवरून आम्ही त्याच्या घरी गेलो. अंगणात गाठोडी बांधलेली, कोयत्यांना धार लावलेली. वडील म्हणाले, "बसा गुरुजी. परवा निघतोय आम्ही, सांगलीकडं." मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. आईचे पाठीचे दुखणे उठले तेव्हापासून त्या कोयत्यातला दुसरा माणूस हा मुलगाच होता. मार्चात तो माझ्या वर्गात उगवला, तो गाळप संपायच्या आधी परीक्षेसाठी म्हणून निघून आलेला. आणि मी वाक्प्रचार वापरला होता.

आईने चहा दिला. कप हातात धरून मी विचारले, "यंदाही जाणार?"

"जावं लागंल, सर. मार्चात येतो."

"टिपणे पाठवली तर? फोनला रेंज असते का तिकडे?"

"फडात नसती. रात्री कोप्यांवर येती, थोडी."

"मग रात्री पाठवीन," मी म्हणालो.