टायर आपल्या रस्त्याला विचारून घ्या

दागिना घ्यायचा तर आमच्याकडे चार बायका जमतात, पण टायर म्हटले की "ते पुरुषांचं काम" म्हणून विषय संपतो. आमचे हे कुवेतला नोकरीला. गाडी चिपळूणला, माझ्या हाती. मुलांची शाळा, बाजार आणि दर दोन महिन्यांनी सासूबाईंना डोळे दाखवायला कुंभार्ली घाटातून कराडला. म्हणून यंदा मे महिन्यात हे काम मीच हाती घेतले.

"गाडी अठ्ठावीस हजारच किलोमीटर चाललीय, टायर कशाला बदलतेस?" फोनवर ह्यांनी विचारले. हिशेब बरोबर होता, पण तो कोरड्या, सपाट रस्त्याचा. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर २३१८ होते, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. गाडी कमी चालली तरी उन्हाने, काळाने रबर कडक होते आणि ओल्यात पकड सोडते.

दुसरी खूण खाचांची. त्यांच्या तळाशी १.६ मिलिमीटरचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. खाचांचे काम पाणी बाहेर फेकणे. त्या उथळ झाल्या की वेगात गाडी रस्त्यावर नाही, पाण्याच्या थरावर धावते. स्टीअरिंग ऐकत नाही, ब्रेकही नाही. म्हणून आपल्या पावसात ३ मिलिमीटर उरले की बदललेले बरे.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, रुंद टाका, गाडी उठून दिसेल." पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. मी कंपनीने सांगितलेलेच माप घेतले. दिराने वापरलेले स्वस्त टायर सुचवले होते. त्यांनी आतून किती मार खाल्लाय ते दिसत नाही, म्हणून नको म्हटले. चार नवे घेतले आणि वॉशिंग मशीन पुढच्या वर्षावर ढकलले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "कपडे हातानं धुता येतात गं."

ज्यांना दोनच परवडतात त्यांनी नवे मागे बसवावेत. मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सावरणे कठीण जाते.

माझी बहीण नागपूरला असते. तिची काळजी पावसापेक्षा उन्हाची. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना हवा कमी असेल तर टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि फुटू शकते. हवेचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी, स्टेपनीचीही.

सफरीची दुआ आपण सगळेच पढतो. त्याआधी चारही चाकांभोवती एक फेरी मारा. दोन मिनिटे लागतात. आणि मुलींनाही सोबत घ्या, उद्या गाडी त्यांच्याही हाती असेल.