गल्ल्यातले तीनशे रुपये

बालमित्रांनो, तुमच्या घरात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारा शब्द कोणता? "अभ्यास कर" म्हणाल तर ते दोन शब्द झाले! मी सांगते. तो शब्द आहे "बघू".

"बाबा, आपण विमानात कधी बसायचं?" "बघू." "आई, बर्फ पडतो तिथे जायचं ना?" "बघू, पुढच्या वर्षी." मग पुढचं वर्ष उजाडतं. कधी घराला रंग काढायचा असतो, कधी ताईची दहावी असते, कधी आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन. 'बघू' तिथेच राहतं. आईबाबांवर रागावू नका हं! त्यांनाही जायचं असतंच. पण महिन्याचा पगार आणि महिन्याचा खर्च यांची कुस्ती तुम्ही अजून पाहिलेली नाही.

आज आपण जाणार आहोत ते एका आजी-आजोबांच्या गावी. त्यांचं उत्पन्न होतं एका छोट्याशा चहाच्या दुकानाचं. पण त्या दुकानाच्या जिवावर त्यांनी किती देश पाहिले असतील? ओळखा पाहू! दोन? पाच? दहा? थांबा, उत्तर वाटेत सांगते. आधी गाडीत बसा.

मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेस सुटते ती कोकण रेल्वेनं जाते. रत्नागिरी मागे पडते, मडगाव मागे पडतं, बोगद्यांमागून बोगदे येतात आणि मोजता मोजता आपण आकडा विसरतो. पुढे मंगळूर, कोळिकोड, आणि साधारण एक दिवस नि एक रात्र प्रवास झाला, की येतं एर्नाकुलम. हे कोची शहरातलं मोठं स्टेशन. खाली उतरलात की हवेत पहिल्यांदा जाणवतो तो दमटपणा, अगदी आपल्या कोकणासारखा. माडही तसेच. फक्त दुकानांवरच्या पाट्या वाचता येत नाहीत. मल्याळम अक्षरं म्हणजे गोल गोल जिलब्याच!

कोची फार जुनं बंदर. मिरी न्यायला इथे जगभरातून गलबतं यायची. समुद्रकाठी मोठमोठी चिनी जाळी दिसतील. लांब वाशांना बांधलेलं जाळं पाण्यात सोडायचं नि दुसऱ्या टोकाला टांगलेल्या दगडांच्या वजनानं ते वर उचलायचं. चार-पाच माणसं मिळून ते ओढतात. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. पोर्तुगालहून समुद्रमार्गानं भारतात आलेला वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला आणि त्याला याच चर्चमध्ये पुरलं होतं. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मट्टनचेरी भागात १५६८ साली बांधलेलं ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा चीनमधून आणलेल्या!

म्हणजे बघा, शेकडो वर्षं जग कोचीला येत होतं. आता कोचीहून जग बघायला निघालेल्या जोडप्याकडे जाऊ या.

शहराच्या गांधीनगर भागात 'श्री बालाजी कॉफी हाऊस' नावाचं दुकान. नाव 'हाऊस', पण जागा बेताचीच. के. आर. विजयन आणि त्यांच्या पत्नी मोहना हे दोघं ते चालवत. आपण त्यांना विजयन आजोबा आणि मोहना आजी म्हणू या. केरळात चहाला 'चाया' म्हणतात. चहावाला एका हातातलं भांडं पार डोक्यावर नेतो, दुसरं कमरेपाशी धरतो आणि चहाची लांबच लांब धार सोडतो. वर मस्त फेस येतो. (घरी करून पाहू नका, ओटा पुसायला आईला लागेल!) तशा या साध्या दुकानात एक गोष्ट मात्र वेगळी होती. भिंतीवर फोटो लावलेले, आणि त्या फोटोंत हेच आजी-आजोबा. कुठे? परदेशात!

आता उत्तर सांगते. २००७ ते २०२१ या काळात या दोघांनी सव्वीस देश पाहिले. पहिली परदेशवारी इस्राएलची. पुढे स्वित्झर्लंड, सिंगापूर, अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना... नकाशावर बोट ठेवत गेलात तर दमाल!

तुम्ही म्हणाल, लॉटरी लागली असेल. मुळीच नाही. मग? इथेच तर खरी गंमत आहे. वही-पेन्सिल घ्या.

आजोबा-आजी रोजच्या कमाईतले तीनशे रुपये बाजूला काढून ठेवत. रोज म्हणजे रोज. शंभर दिवसांचे किती झाले? तीस हजार. वर्षाचे? ३०० गुणिले ३६५ म्हणजे १,०९,५००. तीन वर्षांचे ३,२८,५००. आकडा मोठा दिसतो, पण तो होतो कसा? समजा, एका कपामागे सगळा खर्च वजा जाता पाच रुपये सुटतात. मग तीनशे रुपयांसाठी साठ कप विकायला हवेत, आणि तेही घरखर्च वेगळा ठेवून. साठ कप म्हणजे साठदा दूध-साखर, साठदा ती लांब धार, साठ पेले विसळणं. पैसे वाचावेत म्हणून त्यांनी दुकानात नोकर ठेवला नव्हता. चहा करणं, वाढणं, भांडी, गल्ला, सगळं दोघांनीच.

फोटोतली सहल पंधरा दिवसांची असते, मित्रांनो. तिच्या मागे असे शेकडो दिवस उभे असतात, आणि त्यांचे फोटो कुणीच काढत नाही!

बरं, तीनशे रुपयांनी सगळं भागायचं का? नाही. दोघांच्या लांबच्या प्रवासाला तेवढे पुरत नसत. उरलेल्या रकमेसाठी ते कर्ज काढत. परत आले, की पुन्हा दुकान, पुन्हा चहा, आणि पुढची दोन-तीन वर्षं कर्ज फेडणं. ते फिटलं, की पुढच्या देशाचा विचार.

आता तुमचे बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणतील, "कर्ज काढून सहल? अंथरूण पाहून पाय पसरावेत!" बाबांचं चूक नाही. फेडता येणार नाही असं कर्ज म्हणजे गळ्यातली धोंड. सहलीसाठी कर्ज काढाच, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण या गोष्टीतला एक धागा नीट पाहा. रोज किती बाजूला पडतात हे आजोबा-आजींना नेमकं ठाऊक होतं, त्यामुळे किती दिवसांत फिटेल हेही ठाऊक होतं. आणि आधीचं फिटल्यावरच ते पुढचं पाऊल टाकत. त्यांनी अंथरूण पाहिलं होतं. फक्त ते रोज एकेक टाका घालून थोडं थोडं वाढवत होते!

आणखी एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. एवढे पैसे साठत होते, तर दुकान मोठं का नाही केलं? दोन खोल्यांचं, चकचकीत टेबलांचं? करता आलं असतं. पुष्कळ जण तसंच करतात आणि त्यातही काही वावगं नाही. पण माणूस पैसे कशासाठी वाचवतो, यावरून त्याला काय आवडतं ते कळतं. विजयन आजोबांना लहानपणापासून प्रवासाचं वेड. वडिलांचं बोट धरून ते देवळं पाहायला जात. परदेशाच्या आधी त्यांनी आपला देश पाहिला. तीच ओढ मोठेपणी टिकली, आणि मोहना आजींनी ती आपली मानली. हे फार महत्त्वाचं बरं का! एकानं साठवायचं नि दुसऱ्यानं खर्चायचं, अशानं डबा कधी भरत नाही.

मला त्या दुकानातली पहाट डोळ्यांसमोर आणायला आवडतं. तुम्हीही आणा. जानेवारी महिना आहे. समजा, पहाटेचे साडेपाच वाजलेत आणि आधण ठेवलंय. त्याच क्षणी भिंतीवरच्या फोटोंतल्या गावी किती वाजले असतील? न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सात. तिथे अजून 'काल'च चालू आहे! अर्जेंटिनात आदल्या रात्रीचे नऊ. स्वित्झर्लंडमध्ये रात्रीचा एक, सगळे गाढ झोपेत. आणि ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत? सकाळचे अकरा. तिथे तर जानेवारीत कडक उन्हाळा असतो! पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून हे होतं, हे तुम्ही भूगोलात शिकलाच असाल. पण ज्यानं ती गावं पाहिली आहेत, त्याला आधण उकळेपर्यंत असं जगभर फिरून येता येतं. दोन सहलींच्या मधले दिवस रिकामे नसतात ते असे. अर्धे दिवस मागच्या सहलीच्या आठवणींचे, अर्धे पुढच्या सहलीच्या स्वप्नांचे, आणि सगळेच्या सगळे कामाचे.

हळूहळू या जोडप्याची गोष्ट कोचीबाहेर पसरली. त्यांच्यावर 'इन्व्हिजिबल विंग्ज' म्हणजे 'न दिसणारे पंख' नावाचा माहितीपट निघाला. २०१९ साली उद्योगपती आनंद महिंद्रा यांना ही हकिकत कळली, आणि त्या वर्षीच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या प्रवासाचा भार त्यांनी उचलला. पण बघा हं, मदत आली तेव्हा आजी-आजोबांचे वीसहून अधिक देश पाहून झाले होते. कुणीतरी पाठवील म्हणून ते बसून राहिले नव्हते.

२०२० साली करोनाची साथ आली आणि जगभरचा प्रवास ठप्प झाला. विमानं जमिनीवर, दुकानं बंद. तुमच्यापैकी मोठ्या मुलांना ते दिवस आठवत असतील. साथ थोडी ओसरली, तशी दोघांनी पुन्हा बॅग भरली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ते रशियाला गेले. हा सव्विसावा देश. परत आले. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, हृदयविकाराच्या झटक्यानं विजयन आजोबा गेले. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते.

हे सांगायचं की नाही, असा मला क्षणभर प्रश्न पडला होता. पण तुम्ही मोठे होत आहात आणि खरी गोष्ट अर्धी सांगू नये. मोहना आजींसाठी तो केवढा मोठा घाव असेल! दुकानात नोकर नव्हता. दोन माणसांचं काम दोन माणसं करत होती, त्यातलं एक कमी झालं. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोत मात्र ते दोघं शेजारी शेजारी उभे. विचार करा, या दोघांनी 'बघू, दुकान जरा नीट चालू दे', 'बघू, म्हातारपणी निवांत जाऊ' असं म्हणत वर्षं घालवली असती, तर त्या भिंतीवर आज काय असतं? नुसता चुना!

मुलांनो, सव्वीस देश पाहिलेच पाहिजेत असं काही नाही. ज्याचं त्याचं अंथरूण वेगळं, ज्याची त्याची आवड वेगळी. कुणाच्या घरी पैसे पेटी-तबल्यासाठी साठवतील, कुणाच्या घरी शिवनेरी-रायगड पाहण्यासाठी. पण एक काम आज संध्याकाळी नक्की करा. एक रिकामा डबा शोधा. बिस्किटांचा, तुपाचा, कसलाही. त्यावर एका जागेचं नाव लिहा. जवळची असली तरी चालेल. मग सगळे मिळून ठरवा, की रोज किती टाकायचे. पाच रुपये? दहा? वर्षात दहा दहाचे ३,६५० होतात. आणि एखाद्या दिवशी नाही जमलं, तर का नाही जमलं हेही आईबाबांना विचारा. त्या उत्तरातून तुम्हाला घराचा हिशोब कळेल. तोही एक प्रवासच आहे!

आणि हो, 'बघू' या शब्दावर मी उगीच चिडले होते. त्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे 'आता नको'. आणि दुसरा? दुसरा म्हणजे 'चला, पाहू या!' कोचीच्या आजी-आजोबांनी दुसरा अर्थ घेतला, एवढंच.

तुमच्या डब्यावर कोणतं नाव लिहिलंत, ते पत्रानं जरूर कळवा. आणि आई-बाबांनाही विचारा, तुमच्या वयाचे असताना त्यांनी कोणतं लिहिलं असतं?