न जळलेल्या विजेचा हिशेब

सार्वजनिक बांधकामाचे करारनामे हा विषय घरगुती मासिकांत कांहींसा अस्थानीं वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु ज्या शाळेंत आपलीं मुलें शिकतात तिची भिंत, आणि ज्या दिव्याखालून आपल्या लेकी-सुना रात्रीं घरीं परततात तो रस्त्यावरचा दिवा, हीं दोन्ही कोणत्या तरी करारपत्रांतूनच जन्मास आलेलीं असतात. त्या पत्रांत एक ओळ राहून गेली तर तिचा चटका कचेरीस फारसा बसत नाहीं. तो कोणाच्या तरी स्वयंपाकघरापर्यंत पोंचतो. म्हणून या विषयासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दिलेला शब्द हाच करार असें आपण व्यवहारांत मानतों, आणि १८७२ चा करारविषयक कायदाहि तोंडी करारास सर्वस्वी अमान्य करीत नाहीं. परंतु दुसरा पक्ष सरकार असला म्हणजे गोष्ट पालटते. राज्यघटनेच्या २९९ व्या अनुच्छेदाप्रमाणें सरकारचा करार राष्ट्रपति किंवा राज्यपाल यांच्या नांवें, अधिकार दिलेल्या मनुष्याच्याच हस्तें व ठरवून दिलेल्या रीतीनेंच व्हावा लागतो. १९३५ च्या कायद्यांतहि असेंच बंधन होतें. नगरपालिकांवर त्यांच्या त्यांच्या अधिनियमांचे निर्बंध आहेतच. हेतु उघड आहे: कोणाहि अंमलदाराच्या जिभेनें सरकारी तिजोरी बांधली जाऊं नये. हेतु योग्यच, पण त्या जिभेवर विसंबून ज्यानें काम केलें, त्याचें काय?

हा प्रश्न बंगालमधील आरामबाग येथील एका कामावरून सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. १९४४ सालीं मंडल आणि सन्स या पेढीनें नागरी पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून तेथें कच्चा रस्ता, कचेरी, स्वयंपाकघर व साठ्याच्या छपऱ्या बांधून दिल्या. सरकारनें त्यांचा उपयोग केला. पैसे मागतांच मात्र, करार विधिपूर्वक झालेलाच नाहीं, अशी हरकत घेतली. १९६१ च्या डिसेंबरांत, म्हणजे सतरा वर्षांनीं, अखेरचा निकाल झाला. मुख्य निर्णय लिहिणारे न्यायमूर्ति गजेंद्रगडकर हे साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यांतले. त्यांनीं करार अवैध ठरविला. परंतु त्याच १८७२ च्या कायद्याचें ७० वें कलम पुढें केलें. एकानें दुसऱ्यासाठीं कायदेशीर रीतीनें, फुकट करण्याचा हेतु नसतां, कांहीं काम केलें व दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर त्यानें मोबदला द्यावा किंवा वस्तु परत करावी, असें तें कलम सांगतें. पेढीस पैसे मिळाले ते कराराचे म्हणून नव्हेत, तर घेतलेल्या लाभाची भरपाई म्हणून. व्याकरण शिकलेल्यांस हा भेद चटकन् कळेल: उत्सर्ग मोडला नाहीं, आणि अन्यायहि होऊं दिला नाहीं.

हें सर्व वाचण्याचा प्रसंग आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें आला. हा मुलगा शाळेंत असतां संधि सोडविण्यांत तरबेज. पुढें वीजजोडणीचीं लहान कंत्राटें घेऊं लागला. एका नगरपालिकेचे रस्त्यावरील दिवे बदलण्याचें काम त्यानें घेतलें होतें. गणेशोत्सव तोंडावर आला असतां अभियंत्यानें त्यास सांगितलें, "नदीकडच्या वाटेवर अंधार आहे, तेवढे चाळीस खांब करून टाका, कागद मागाहून होईल." विसर्जनाच्या रात्रीं वाट उजळली. अभियंत्याची बदली झाली. कागद झाला नाहीं. दोन वर्षें नऊ महिने "पुढच्या सभेंत पाहूं" हें उत्तर ऐकून तो आमच्याकडे आला, तेव्हां पत्नीच्या पाटल्या बँकेंत तारण होत्या.

"गुरुजी, साहेब माणूस चांगला होता हो," तो म्हणाला.

"अरे, चांगला होता म्हणूनच तूं कागद मागितला नाहींस," आम्ही म्हणालों.

केलेल्या कामाच्या पैशांचा दावा साधारणतः तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो, असा १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचा दंडक आहे. कचेरीच्या गोड बोलण्यानें ती मुदत थांबत नाहीं. मुदतींत लेखी व सहीनिशीं कबुली मिळाली तरच ती नव्यानें सुरू होते. त्याच आठवड्यांत आम्हीं त्यास वकिलाकडे धाडलें. मोजमाप पुस्तकांत त्या चाळीस खांबांची नोंद अभियंत्याच्याच हातची निघाली. दावा मुदतींत दाखल झाला. निकाल व्हावयाचा आहे. पाटल्या अद्याप सुटलेल्या नाहींत.

बांधकामाचा करार निदान डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तूविषयीं असतो. ऊर्जाबचतीचा करार त्याहून सूक्ष्म. ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमांत एनर्जी एफिशिअन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी उपक्रमांच्या कंपनीनें देशभर एक कोटींहून अधिक एलईडी दिवे बसविले. साधारण रीत अशी कीं, भांडवल कंपनीनें घालावें, आणि नगरपालिकेनें विजेच्या बिलांत होणाऱ्या बचतींतून तें कित्येक वर्षें हप्त्यांनीं फेडावें. म्हणजे येथें मोल द्यावयाचें तें न जळलेल्या विजेचें!

तर्कसंग्रह पढलेल्यांस येथें सातवा पदार्थ आठवेल: अभाव. ज्याचा अभाव तो त्याचा प्रतियोगी, आणि प्रतियोगीच्या ज्ञानावांचून अभावाचें ज्ञान नाहीं. घट ठाऊक नसेल तर 'येथें घट नाहीं' असें कोण म्हणूं शकेल? तद्वत् पूर्वीं वीज किती जळत होती हें ठरलें नसेल तर किती वांचली हेंहि ठरत नाहीं. समजा, शंभर खांबांवर २५० वॅटचे दिवे होते व त्यांजागीं १०० वॅटचे आले. रात्रीचे अकरा तास धरले तर पूर्वींचा खर्च २७५ युनिट, आतांचा ११०, बचत १६५. परंतु जुन्यांपैकीं चाळीस दिवे बंदच पडलेले असतील तर खरा खर्च १६५ युनिटच होता, आणि बिलांत घट दिसेल ती अवघी ५५ ची. कंपनी खांब मोजते, नगरपालिका बिल पाहते. दोघेहि खोटें बोलत नाहींत, आणि तंटा मात्र उभा राहतो. त्यांत मध्येंच विजेचा दर वाढला कीं युनिटें घटूनहि बिल फुगतें. म्हणून पूर्वखर्च कसा मोजला, मीटर कोणाचा, बंद दिव्यांची गणना कशी, दरवाढ कोणी सोसावयाची, हें सहीपूर्वींच लिहून ठेवणें अगत्याचें आहे.

तंटा झालाच तर पंच कोण? पुष्कळ सरकारी करारपत्रांत, एकमेव पंच आम्हीच नेमूं, असें कलम असे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें, सार्वजनिक करारांतील असें एकतर्फी कलम समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा निर्णय दिला. वादी किंवा प्रतिवादी यांपैकीं एकानेंच न्यायाधीश निवडावा हें कोणाच्याहि बुद्धीस पटणारें नव्हतें. तें आतां कायद्यासहि पटलें.

असो. आमच्या वाचकांपैकीं कोणाचा मुलगा कंत्राटदार असेल, कोणाचा जांवई सरकारी अभियंता, कोणी स्वतः नगरसेवक असतील. तिघांसहि आमची एकच विनंती आहे. जादा काम सांगणाराानें त्याच दिवशीं दोन ओळी लिहून द्याव्या. करणारानें त्या मागण्यास संकोच करूं नये. आणि मंजुरी देणारानें काम वापरांत आलें असल्यास फाईल पुढच्या सभेवर ढकलूं नये. नदीकडच्या त्या वाटेवर आजहि चाळीस दिवे जळत आहेत, आणि त्यांच्या उजेडांतून जाणाऱ्या कोणासहि त्यांचें देणें राहिलें आहे हें ठाऊक नाहीं.