दशमी गुणिले पाऊण

“तू तर कॉन्व्हेंटची, तू मराठीत काय लिहिणार?” असं मराठी विभागाच्या संपादकांनीच विचारल्यावर लिहिणं भागच होतं. शुद्धलेखनाच्या चुका त्यांनीच निस्तराव्यात!

विषय आमच्या समुद्रपर्यटनाचा. परीक्षा संपल्यापासून ग्रुपवर थायलंड, मालदीव, निळं पाणी, पांढऱ्या शिडांच्या नौका असे फोटो फिरत होते. बजेट माणशी पाचशे रुपये. शेवटी आमच्यातला अर्नाळ्याचा मित्र म्हणाला, “आजोबांची होडी आहे. शीडपण आहे. चला.” आणि बेट? अर्नाळा किल्ला! कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, अर्नाळा साडेएकोणीसच्या आसपास. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे हेही उष्ण कटिबंधातलंच बेट, ताडामाडांसकट.

हा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला, वसई जिंकली त्याच्या दोन वर्षं आधी. २०२५ मध्ये नौदलात आलेल्या ‘आयएनएस अर्नाळा’ला याच किल्ल्याचं नाव दिलंय. ती ७७ मीटर लांब, डिझेल इंजिनं आणि वॉटरजेटवर चालणारी. आमच्या होडीला इंजिनच नव्हतं. मित्राचे बाबा इंजिनाच्या मोठ्या बोटीवर जातात. ही छोटी होडी आजोबांची, आणि होळीनंतर ती विकायची हे त्यांच्या घरात ठरलं होतं. आम्हाला हे त्याने आधी सांगितलं नाही.

आदल्या दिवशी फोन करून मी विचारलं, किती वाजता यायचं? मागून आजोबांचा आवाज आला, “उद्या दशमी. दहाला पाऊणने गुण.” साडेसात. साडेसातला भरती पूर्ण होणार, मग ओहोटीबरोबर बाहेर पडायचं. मी ॲपवर बघितलं, दहा-बारा मिनिटांचा फरक! चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. आजोबा पाऊण तास धरतात. आमच्या वर्गात कॅल्क्युलेटरशिवाय दहा गुणिले पाऊण करणारे किती निघतील?

सकाळी विरारहून रिक्षाने बंदरावर पोहोचलो. आम्ही पाचजण आणि आजोबा. लाइफ जॅकेटं बाबांच्या बोटीवरून आणली होती. आजोबांनी शीड चढवलं आणि जमिनीकडून येणाऱ्या गार वाऱ्यावर होडी निघाली. आवाज नाही, धूर नाही, नुसतं पाणी फळीला घासल्यासारखं. “हा मतलई,” आजोबा म्हणाले. मला लँड ब्रीझ माहीत होता, दहावीला त्याची आकृती काढून पैकीच्या पैकी मार्कही घेतले होते. पण तो अंगावर घेऊन त्याचं नाव ऐकायला विसावं वर्ष उजाडलं.

बेटाला बगल देऊन आम्ही पश्चिमेला बरंच पुढे गेलो. फोटो झाले, गाणी झाली. आणि अकराच्या सुमाराला वारा बंद. शीड ओल्या चादरीसारखं लटकलं. गंमत म्हणजे होडी तरीही चाललीच होती, पण उलटी, बाहेरच्या बाजूला! वैतरणेचं मुख बाजूलाच, ओहोटी जोरात, आणि किल्ल्याचे बुरूज बघता बघता लहान होत होते. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ज्याची केटी आहे तो म्हणाला, “वल्ही मारू या.” दहा मिनिटं मारली. बुरूज आणखी लहान झाले. एकीला उलटी झाली. मी मम्मीला फोन लावावा की नाही याचा विचार करत होते.

आजोबांनी शांतपणे नांगर टाकला.

“घाबरलीस, पोरी?”

“नाही, आजोबा.”

“मी घाबरलो. म्हणून तर नांगर टाकला.”

मग दीड तास नुसतं बसणं. त्यांनी भाकरी आणि सुकट काढली. सकाळी मतलई बाहेर नेतो, दुपारी खारा वारा घरी आणतो, मधे हा असा पडाव असतो, म्हणाले. इंजिन नव्हतं तेव्हा रोजचंच. आम्ही घड्याळ बघत होतो, ते पाणी बघत होते. मित्र कोणाकडेच बघत नव्हता. तेव्हाच आजोबांच्या बोलण्यात होडी विकायची गोष्ट आली. मित्राची पुण्याला इंटर्नशिप ठरलीय, आणि त्याला शीड चढवता येत नाही, हेही तेव्हाच कळलं. त्याने कधी विचारलं नाही, आणि अभ्यास सोडून शिक असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

पाऊणच्या सुमाराला वायव्येला पाण्यावर एक काळसर पट्टा दिसला. आम्हाला ढगाची सावली वाटली. आजोबा मात्र केव्हाच उठले होते. नांगर वर, शीड वर, आणि सुकाणू त्यांनी नातवाच्या हातात दिलं! त्याने होडी वाऱ्याच्या तोंडाला इतकी वळवली की शीड फडफडायला लागलं. आजोबा काही बोलले नाहीत. त्याच्या मनगटावर हात ठेवून जरासा ढकलला, बस. शीड भरलं. नंतर त्यांनी हात काढून घेतला तरी ते भरलेलंच राहिलं.

किल्ल्यावर आम्ही जेमतेम तासभर होतो. तटावरून फिरलो, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष खाली लावलेल्या होडीकडेच होतं.

संध्याकाळी बंदरावर शीड उतरवलं. मित्राने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. घडी कशी घालायची, दोर कुठून घ्यायचा. आजोबांनी दोन घड्या घातल्या आणि थांबले.

“ते ठेव खाली,” म्हणाले, “आणि ते टोक धर.”

मोबाइल त्याने माझ्याकडे दिला. मी तो बंद करून खिशात टाकला.