एमटीकेची माणसं

कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर

चि. सानिका हिस
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फेरेन्त्सवारोशच्या सामन्याचं वर्णन घरात सगळ्यांनी वाचलं. हिरव्या-पांढऱ्या गर्दीत तू घसा बसेपर्यंत ओरडलीस, हे वाचून तुझ्या आईला शाहू स्टेडियम आठवलं. पण शेवटी तू वर्गमित्राचं म्हणणं लिहिलं आहेस: एमटीकेला आता कोण विचारतो, तिथे सामन्याला माणूसही फिरकत नाही. ते वाचल्यापासून मला चैन नाही. तू बुडापेस्टला दोन वर्षं राहणार आहेस आणि हे दोन्ही तिथलेच फुटबॉल क्लब, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे संघ विचारला की माणूस तालीम सांगतो, आणि तालमीवरून पेठ कळते. पाटाकडील तालमीचा पोरगा जन्मभर पाटाकडीलचा. फेरेन्त्सवारोश तसाच आहे, १८९९ साली त्याच नावाच्या कामगारवस्तीत उभा राहिलेला. एमटीकेला अशी पेठ नव्हती. तो ११ वर्षांनी थोरला. १६ नोव्हेंबर १८८८ रोजी राष्ट्रीय जिम्नॅस्टिक संस्थेतून बाहेर पडलेल्या काही जणांनी त्याची स्थापना केली. फुटबॉल आला तो १९०१ मध्ये. संस्थापकांत काही सरदार घराण्यांतले होते, पण बरेचसे बुडापेस्टच्या ज्यू मध्यमवर्गातले. हंगेरीतल्या ज्यूंना समान नागरी हक्क मिळाले ते १८६७ साली. त्यानंतर वाढलेल्या पिढीला आपण पूर्ण हंगेरियन आहोत हे मनापासून वाटत होतं, आणि त्यांनी संस्थेच्या नावात पहिला शब्द घेतला तो ‘मद्यार’. व्हिएन्नाचा हाकोआह हा उघडपणे ज्यूंचा संघ होता. एमटीकेला तसं व्हायचं नव्हतं. त्यांना देशाचा संघ व्हायचं होतं, आणि पुढे जे घडलं त्यामुळे मला ही गोष्ट फार लागते.

आल्फ्रेड ब्रूल हे नाव लक्षात ठेव. १९०५ ते १९४० तो क्लबचा अध्यक्ष होता. श्रीमंत माणूस, आणि आपला पैसा त्याने हात न आखडता क्लबवर खर्च केला. १९१२ मध्ये हंगारिया रस्त्यावर क्लबचं स्वतःचं मैदान झालं. चांगले खेळाडू मिळवायचे, त्यांना चांगला शिक्षक द्यायचा आणि त्या शिक्षकाच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, हे त्याला उमगलं होतं.

तो शिक्षक मिळाला युद्धामुळे. जिमी होगन हा लँकेशायरचा इंग्रज १९१४ साली व्हिएन्नात होता. महायुद्ध पेटलं आणि तो शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अडकला. एमटीकेच्या मंडळींनी खटपट करून त्याला बुडापेस्टला आणलं. तिथे त्याला नेमाने पोलिसांसमोर हजेरी द्यावी लागे. उरलेल्या वेळात तो पोरांना फुटबॉल शिकवी. तेव्हाच्या इंग्लंडात सरावाच्या वेळी खेळाडूंना चेंडू फारसा देतच नसत, पळवत असत. होगनचं सगळं चेंडूवर: पायाखाली घे, जमिनीलगत दे, दिल्यावर लगेच मोकळ्या जागेत जा. ग्यॉर्गी ऑर्थ आणि योझेफ ब्राउन या दोघांना त्याने बागेत खेळताना हेरलं असं सांगतात. ऑर्थ तर कुठल्याही जागी खेळायचा, अगदी गोलातही. आल्फ्रेड शाफर होता, कोनराड बंधू होते, फेरेन्त्सवारोशमधून आलेला इम्रे श्लोसर होता. युद्धातल्या अनधिकृत स्पर्धा सोडल्या तर १९१४ ते १९२५ या काळात एमटीकेने सलग दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. असा दबदबा क्वचितच कुणाचा झाला असेल.

पण देश बदलत होता. युद्धात हार झाली, राज्य तुटलं, आणि १९२० मध्ये विद्यापीठांतल्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करणारा कायदा आला. खेळाडू बाहेर पडू लागले, आणि त्यांच्याबरोबर होगनचा खेळही जगभर गेला. ऑर्थने १९३० च्या पहिल्या विश्वचषकात चिलीच्या संघाला मार्गदर्शन केलं. डोरी कुर्श्नर १९३७ मध्ये रिओच्या फ्लामेंगोत गेला, रिओतच वारला. ब्राझीलला नवी व्यूहरचना शिकवणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं घेतात. येनो कोनराड न्यूरेंबर्गचा प्रशिक्षक होता. १९३२ मध्ये नाझींच्या वर्तमानपत्राने त्याच्या ज्यू असण्यावरून गरळ ओकली आणि त्याने जर्मनी सोडली. हिटलर सत्तेवर येण्याच्याही आधीची ही गोष्ट.

मायदेशातही वेगळं घडलं नाही. १९३८ पासून ज्यूंविरुद्धचे कायदे एकामागून एक आले. १९४० मध्ये संघ बंद झाला. बागेत सापडलेला तो योझेफ ब्राउन पूर्व आघाडीवर वेठबिगारीच्या तुकडीत १९४३ साली मेला. ब्रूलला १९४४ मध्ये आउश्वित्झला नेऊन मारलं. पस्तीस वर्षं ज्याने त्या शहराला फुटबॉल दिला, त्याचा हा शेवट. त्या शहरात फिरताना हे तुला माहीत असावं, असं मला फार वाटतं.

काही जण वाचले. बेला गुटमन श्रमछावणीतून पळाला. पुढे त्याने बेन्फिकाला १९६१ आणि १९६२ अशी दोनदा युरोपची विजेती केली. बचावफळीतला ग्युला मांदी वेठबिगारीतून जिवंत परतला. १९४५ मध्ये क्लब पुन्हा उभा राहिला.

त्यानंतरचा काळ समजायला कठीण आहे. कम्युनिस्ट राजवटीने १९४९ च्या सुमारास सगळे क्लब सरकारी खात्यांना वाटून दिले. होनवेद लष्कराला मिळाला, एमटीके गुप्त पोलिसांच्या ताब्यात गेला. नावं बदलत राहिली: टेक्सटाईल, मग बाश्त्या, मग वोरोश लोबोगो, म्हणजे लाल झेंडा. ज्या संस्थेने एका सत्तेचा मार खाल्ला ती दुसऱ्या सत्तेच्या सगळ्यांत भीतिदायक खात्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. खेळाडूंना निवड नव्हती, मी त्यांना दोष देत नाही. पण लोकांच्या मनात क्लबविषयी दुरावा आला असेल, तर त्याचं एक कारण इथे आहे असं मी समजतो.

आणि नेमक्या याच काळात मार्टोन बुकोवी हा प्रशिक्षक तिथे विचार करत होता. मधला आघाडीवीर गोलासमोर उभा करायचा ही तेव्हाची रीत. बुकोवीने त्याला मागे ओढलं, आधी पेतेर पलोताशला, नंतर नांदोर हिदेगकुतीला. मग त्याला अडवणाऱ्या बचावपटूपुढे पेच पडे: त्याच्यामागे जावं तर गोलासमोर खिंडार, जागेवर थांबावं तर तो मोकळा. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर इंग्लंडचा हाच पेच झाला. हिदेगकुतीने पहिल्याच मिनिटात गोल केला, एकूण तीन केले, आणि हंगेरी ६-३ ने जिंकली. जग पुश्काशचं नाव घेतं, घ्यावंच. पण त्या संघातले लांतोश आणि झाकारियाश हेही एमटीकेचे, राष्ट्रीय संघाचा प्रमुख सेबेश तिथेच खेळलेला, आणि त्याचा साहाय्यक होता छावणीतून परतलेला तो मांदी. सामन्यानंतर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी श्रेय दिलं ते होगनला. म्हातारा होगन त्या दिवशी प्रेक्षकांत होता.

पुढचं थोडक्यात. युरोपियन कप १९५५ साली सुरू झाला. त्यातली पहिली हॅटट्रिक पलोताशची, अँडरलेख्टविरुद्ध. १९६४ मध्ये कप विनर्स कपच्या उपांत्य फेरीत सेल्टिककडून ०-३ अशी हार खाऊन एमटीकेने घरी ४-० ने उट्टं काढलं. अंतिम सामना स्पोर्टिंग लिस्बनशी ३-३ सुटला, फेरसामना कॉर्नरवरून थेट गोलात गेलेल्या एका चेंडूने गेला. नंतर क्लब खालच्या विभागातही गेला, पुन्हा वर आला. आज २३ अजिंक्यपदं त्यांच्या नावावर आहेत. जास्त फक्त फेरेन्त्सवारोशची. प्रेक्षक मात्र थोडे. त्याला कारण आहे, पोरी. ज्या घरांतून बाप मुलाला बोट धरून मैदानावर आणायचा, त्यातली कितीतरी घरंच उरली नाहीत. आणि प्रतिस्पर्ध्यांच्या गॅलरीतून ज्यूद्वेषी घोषणा युद्ध संपून अर्धं शतक उलटल्यावरही ऐकू येत राहिल्या. तू फेरेन्त्सवारोशच्या गर्दीत जरूर जा, ती मंडळीही जीव लावून खेळ बघतात. पण तसली घोषणा उठली तर तिच्यात आवाज मिसळू नकोस.

क्लबच्या त्या जुन्या मैदानाच्या जागेवर २०१६ मध्ये नवं मैदान उघडलं, हिदेगकुतीच्याच नावाचं. गोलामागे प्रेक्षकांच्या पायऱ्या नाहीत, काँक्रीटच्या भिंती आहेत. हंगारिया रस्त्यावरून जाणारी एक नंबरची ट्राम तुला तिथे नेईल. जायच्या आधी वेम्बलीच्या सामन्याची जुनी चित्रफीत शोधून बघ, आणि चेंडूकडे न बघता फक्त नऊ नंबरच्या खेळाडूकडे बघत राहा. मग तुझ्या त्या वर्गमित्रालाही बरोबर घेऊन जा, आणि ब्रूल कोण होता ते त्याला सांग.

तब्येतीला जप. थंडी वाढली असेल.

तुझा,
मामा