चार वर्षं बाभळीखाली

ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्याच्या एअर क्लीनरमध्ये उंदरांचं घर होतं आणि मागचं डावं चाक बसून रिम जमिनीला टेकली होती. ८५ हजार मोजले. उर्दू शाळेतल्या सरांनी भंगार विकत घेतलं ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. मेहुणा फोनवर म्हणाला, "दूल्हेभाई, एवढ्यात चांगली सेकंडहँड बुलेट आली असती." त्याचंही खरं होतं. पण बुलेटला रोटाव्हेटर लागत नाही.

आमची जमीन दीड एकर, तासगाव तालुक्यात. अब्बा होते तेव्हा द्राक्षबाग होती, आता पेरू आहे. मोठा ट्रॅक्टर दोन ओळींत घुसला की फांद्या मोडतो. म्हणून आमच्याकडे बागवाले मित्सुबिशी शक्तीचा छोटा ट्रॅक्टर वापरतात. तीन सिलिंडर, साडेअठरा एचपी, कंपनी बेंगळुरूची आणि तंत्र जपानचं. ब्लोअर ओढतो, रोटाव्हेटर फिरवतो आणि वळायला जागा कमी घेतो. भाड्याने सांगावा तर ज्या दिवशी आपल्याला हवा त्याच दिवशी सगळ्या शिवाराला हवा असतो.

हा ट्रॅक्टर माझ्या ओळखीचा होता. शेजारच्या गावातले एक काका तो चालवायचे. आमच्या बागेतही चालवायचे. अब्बा बांधावर उभे राहून हातवारे करत सूचना द्यायचे आणि काका त्या न ऐकता आपल्या मनाने मारायचे. २०२१ च्या कोरोनात काका गेले. मुलगा पुण्याला नोकरीत. ट्रॅक्टर घरामागच्या बाभळीखाली उभा राहिला तो राहिलाच. बाग काढून टाकल्यावर काकूंनी विकायला काढला. भंगारवाला वजनावर मागत होता, म्हणून मी मध्ये पडलो.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी जुना ट्रॅक्टर घेणार असेल तर उपयोग होईल. मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर होते, त्याला फॉर्म ३१. मग विक्रीचे २९ आणि ३०. कर्ज कधीच फिटलेलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. हेलपाटे किती झाले ते विचारू नका. पैसे द्यायच्या आधी आरसी डोळ्यांनी बघा, एवढंच.

दुरुस्तीला मी मे महिन्याची सुट्टी धरली होती. बकरी ईदच्या आत चालू करायचा असं ठरवलं. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी बॅटरी लावूच दिली नाही. सत्तरी जवळ आलेला माणूस, चष्म्याच्या एका काडीला तार बांधलेली. म्हणाले, "सर, चार वर्षं झोपलेल्याला एकदम उठवू नका." तिन्ही नोझल काढली, सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं आणि आम्ही घरी आलो. तिसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवलं. आधी हललं नाही. मग अर्धा इंच. मग पूर्ण फेरा. वस्तादांनी पाना खाली ठेवला आणि बिडी पेटवली, म्हणजे इंजिन जिवंत आहे हे मला समजलं.

पुढचे पंधरा दिवस मी त्यांचा हेल्पर. इंजिनचं ऑइल काळं निघालं पण त्यात पाणी नव्हतं, हेड गॅस्केट शाबूत असल्याची ती खूण. गिअरबॉक्सचं ऑइल मात्र ताकासारखं पांढरं. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं, तिथून चार पावसाळे आत उतरले होते. दोनदा धुऊन काढलं. डिझेलच्या टाकीच्या तळाला गंज आणि डिंकासारखा चिकट गाळ. टाकी सोडवली, आत मूठभर बारीक खडी आणि दोन लिटर डिझेल घातलं आणि मी आणि माझा धाकटा दोन बाजूंनी धरून हलवत बसलो. मुलाला हे काम फार आवडलं. नोझल सांगलीला पंप-नोझलवाल्याकडे तपासली. दोन फवारा नीट मारत होती, तिसरं थेंब थेंब गाळत होतं, ते बदललं. फिल्टर नवे, रेडिएटरचे पाइप नवे, वायरिंग सगळं नवं, कारण जुनं उंदरांनी खाल्लेलं.

शाळेत मी मुलांना सांगत असतो की दुरुस्त आणि मरम्मत हे शब्द तुमच्याकडून मराठीत आले, म्हणून मराठी परकी समजू नका. वस्ताद तर आपला उस्तादच. मिस्त्री हा शब्द मात्र पोर्तुगीजांचा. हे मी वस्तादांना सांगितलं तर ते म्हणाले, "असू दे. तेरा नंबरचा पाना द्या."

चालू करायच्या दिवशी पाईपातली हवा काढायला तास गेला. फिल्टरचा स्क्रू ढिला करायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळायचा. मग पंपाचा. मग एकेका नोझलचा नट. मला वाटलं झालं, स्टार्टर मारला, घरघर आणि काही नाही. वस्तादांनी पुन्हा पहिल्यापासून काढायला लावलं. चौथ्या वेळी पांढऱ्या धुराचा लोट आला, दोन ठोके पडले, बंद. पाचव्या वेळी धरलं. एक सिलिंडर उशिरा सुरू झाला, तोवर ट्रॅक्टर उचकी लागल्यासारखा हलत होता. अम्मी नमाजच्या दुपट्ट्यातच बाहेर आल्या. आवाज ऐकत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि काही न बोलता आत गेल्या.

रंगाचं वस्तादांना काही पडलेलं नव्हतं. "रंगाने काय रान नांगरतं काय?" मला मात्र तो पूर्वीसारखाच दिसायला हवा होता. खरा रंग बॉनेटच्या आतल्या बाजूला सापडला, जिथे ऊन पोचलं नव्हतं. तो तुकडा दाखवून रंग मिळवून घेतला. मडगार्डला जिथे भोकं पडली होती तिथे पत्र्याचे तुकडे डकवले, लांबी भरली, पॉलिश पेपरने घासघास घासलं. हाताची सालं निघाली. २०२५ चा मे तुम्हाला आठवत असेल, वळीव थांबेचना. रेड ऑक्साइडचा हात दिला की आभाळ भरून यायचं. शेवटी घरातला सोपा रिकामा करून बॉनेट आणि मडगार्ड आत घेतले. बायको चार दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होती.

सीटजवळची हत्यारांची पेटी गंजून बसली होती, किल्ली काकूंकडेही नव्हती. रंगासाठी ती सोडवली आणि छिन्नीने उघडली. दोन पाने, ग्रीसचा डबा आणि खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली खिशात मावेल अशी डायरी. काकांचा हिशेब. तारीख, नाव, तास, पैसे. फिटलेल्या नावांवर रेघ मारलेली आणि पुढे लिहिलेलं, पोचले. रेघ नसलेली नऊ नावं होती. त्यातलं एक अब्बांचं. जून २०१८. तीन तास, ६०० प्रमाणे १८००. जमा ५००. बाकी १३००.

मी डायरी घेऊन पायरीवर बसलो.

अब्बांचा इंतकाल २०१९ च्या जानेवारीत झाला. आपल्याकडे जनाज्याच्या नमाजआधी घरचा माणूस पुढे येऊन सांगतो, मय्यतकडून कोणाचं काही देणं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही देऊ. थोरला मी, म्हणून ते मीच सांगितलं होतं, आधी उर्दूत आणि मग मराठीत, कारण गावातले बरेच लोक आले होते. काका आले होते. फाटकाजवळ डोक्याला रुमाल बांधून उभे होते, मला नीट आठवतं. त्यांनी ऐकलं. नंतरही दोन वर्षं आमच्या रानात येत होते. माझ्याकडून त्या त्या दिवसाचे पैसे घेऊन जायचे. एकदाही बोलले नाहीत.

विसरले म्हणावं, तर डायरीत होतं. आणि सोडून दिले म्हणावं, तर रेघ मारलेली नव्हती.

अम्मींना दाखवलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. हातातली भाजी बाजूला ठेवून म्हणाल्या, "मगरिब के पहले दे को आ." मी म्हटलं, रंग ओला आहे, उद्या ट्रॅक्टरवरूनच जातो. त्यांनी नुसतं बघितलं. मी मोटरसायकल काढली.

बाकी हा शब्द मी वर्गात शंभरदा शिकवला असेल. मराठीत तो वहीतलं राहिलेलं देणं, आणि अल-बाकी म्हणजे जो कायम राहणारा, तो अल्लाह. वाटेत तेवढंच डोक्यात फिरत होतं.

काकूंना आधी वाटलं, ट्रॅक्टर बिघडला म्हणून तक्रार घेऊन आलो. डायरी पाहिली आणि त्यांनी ती पदराने पुसली, जरी ती स्वच्छ होती. अक्षरावरून बोट फिरवत अब्बांच्या नावापाशी आल्या.

"हे मला म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी येऊन. म्हणाले, पोराने सगळ्यांपुढं हात जोडून विचारलं, मला तोंड उघडता येईना."

"मग रेघ का नाही मारली?"

"पैसे आले नव्हते ना. न आलेल्याला पोचले कसं लिहिणार?"

मी पैसे पुढे केले. मला वाटलं, नको म्हणतील, आग्रह करावा लागेल. त्यांनी घेतले, मोजले, आतून पेन आणलं. नावावर रेघ ओढली आणि पुढे लिहिलं, पोचले. मग मला चहा ठेवला. बाकीची आठ नावं वाचू का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "राहू द्या सर. माझं मी बघीन."

ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा घेऊन मी ट्रॅक्टरवरून गेलो. काकू बाहेर आल्या, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, मडगार्डवर हात ठेवला. "रंग जरा गडद झाला," म्हणाल्या. "यांचा होता तेव्हा एवढा नव्हता." तो उन्हाने उतरलेला होता, हे मी काही बोललो नाही. मग त्यांनी विचारलं, पाऊस उघडल्यावर अर्धा एकर मका करायचा आहे, रोटाव्हेटर मारायला तासाला किती घेता?